अक्का दारात बसली तवा

शेजारची अक्का कुनाला बी बघून उठायची न्हाय. खोल्यांचा मालक आला तर आमी सगळ्या बायका पदर सावरून उब्या ऱ्हायचो, अक्का तशीच मांडीवर सूप घिऊन विड्या वळत. मालक म्हनायचा, "अक्का, जरा मान ठिवा." अक्का म्हनायची, "मान हाय की, बसूनच हाय." त्यांच्यात तेलगू बोलत्यात, तवा मला हाक मारायची 'पिल्ला', म्हंजे पोरी.

माजी पोरगी तवा पाळन्यात हुती, आन नवरा दिसभर टावेलच्या कारखान्यात. मालक आला, म्हनला पोराचं लगीन ठरलंय, खोली मला सोताला पायजे, आठ दिसात सोडा. सातवी शिकलेली मी, मला वाटलं त्येचं घर हाय, त्यो म्हनला की जायाचं. भ्यानं मी पयलं देवच काढलं फळीवरचं आन टोपल्यात ठिवलं, कारन घर बदलताना पयलं देव हालवत्यात ना, आमच्यात तसंच हाय. दुसऱ्या दिशी मालकानं दारातनं रिकामी फळी बघितली आन हसला, "देव उठलं, म्हंजे तुमी सोडली खोली. उद्या कुलूप लावतो."

शेजारच्या दारातनं अक्का म्हनली, "देव अंगुळीला गेल्यात. यितील परत."

त्यो गेल्यावर मला लई बोलली. "येडी हायस का पिल्ला? घर त्येचं असंल, संसार तुजा हाय. त्येला खरंच पायजे आसंल तर कोर्टात सांगू दे. तितं त्येला बी इचारत्यात, तुला किती गरज हाय, आन तुला बी इचारत्यात, तू लेकराला घिऊन कुटं जानार. मंग कोर्ट सांगंल ती. त्यो कोन लागून गेला?" तिलाबी एकदा आसंच काडायला बघितलं हुतं, म्हनून तिला म्हाईत. माज्याकडनंच देव परत मांडून घेतलं, हळदीकुंकू लावून.

दुसऱ्या दिशी मालक दोन मान्सं आन कुलूप घिऊन आला. बघतो तर अक्का माज्या उंबऱ्यात बसलेली, सूप आडवं, त्यात विडीची पानं, आन मी पोरगीला घिऊन आत चुलीपाशी, घामानं भिजलेली.

"अक्का, सूप बाजूला घ्या."

"कुटं घिऊ? ओलांडून जा की."

मान्सं एकमेकाकडं बघाय लागली. सूप म्हंजे लक्ष्मी, ती ओलांडायची कुनी? अक्का मान वर न करता म्हनली, "लगीन हाय न्हवं तुज्या घरात? जा, टाक पाय." मालक लालबुंद झाला, काय काय बोलला, पन कुलूप हातातच घिऊन गेला.

मंग तीच मला कोर्टात घिऊन गेली, बायकांना फुकट वकील देत्यात तितं. मालकानं बी केस टाकली. पोराचं लगीन झालं, त्यो जुळे सोलापुरात फ्लॅटात ऱ्हायला गेला, तरी मालकाचं चालूच, पोरासाठीच पायजे म्हनून. अक्का म्हनायची, "पोरगा फ्लॅटात, आन पायजे खोली? कोर्टात सांग की ही." मी म्हनायची मला भ्या वाटतंय. ती म्हनायची, "वाटू दे की. भीत भीत सांग."

औंदाच्या उन्हाळ्यात अक्का गेली. दम लागायचा तिला, तंबाखूच्या धुळीनं. दवाखान्यात मी पेज घिऊन गेल्ते तर बोलता येत न्हवतं, तरी हातानं इचारलं, तारीक कदी हाय?

तिचं दिवस झालं तसा मालक आला. "अक्का गेली की. आता कोन हाय तुज्या मागं?"

पोरगी कडंवर हुती, आवाज कापत हुता. म्हनलं, "मागं कोन न्हाय मालक. मी हाय. तारखेला या, तितं बोलू."

त्यो गेला, मी पोरगीला खाली ठिवलं. मंग पीठ घेतलं, आन हितंच, माज्या चुलीपाशी, भाकरी थापाय बसले.