शेजारच्या खाटेपाशी

धंतोलीच्या दवाखान्यात आईच्या शेजारच्या खाटेपाशी पारशिवनीची एक बाई असायची. संत्रं सोलून एक फोड नवऱ्याला, एक माझ्या आईला भरवायची. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या एका ताऱ्याचं, अंतराळातल्या दुर्बिणीनं मोजलेलं कमीजास्त तेज मी लॅपटॉपवर तपासत बसायचो.

"काय पाहून राहिले भाऊ?"

मी तारा समजावून सांगितला. ती मान हलवत म्हणाली, "जराही नजर हटत नाही तुमची. कोण लागते थो तुमचा?"

संध्याकाळी नवी नर्स आईच्या खाटेपाशी आली. "आजींसोबत कोण आहे?"

"मी आहो," संत्र्याचे हात पदराला पुसत बाई म्हणाली. "हे त ताऱ्यासोबत आले."

ऑपरेशननंतर आई पहिल्यांदा हसली, ती त्या वाक्याला. तेही मला बाईनंच सांगितलं. माझी नजर ताऱ्यावर होती.