रोज एक गोळी, आठ जणींत

माझ्यासमोर बाई येऊन बसली की मी आधी पाळीचं विचारत नाही. विचारते, "घरात शेवटी कोण जेवतं?" सोलापुरात दवाखाना थाटला तेव्हापासून हाच माझा पहिला प्रश्न. बहुतेक जणी हसतात, बरोबर आलेल्या सासूकडे बघतात आणि हळूच सांगतात, "मीच की." अर्धं निदान तिथंच होतं. माझ्याबरोबर शिकलेले काही जण याला माझं खूळ म्हणतात. म्हणोत बापडे. बाईचं ओटीपोट तेवढं तपासायचं आणि बाकीची बाई बाहेर बाकावर बसवून ठेवायची, हे मला कधी जमलंच नाही.

माझं दुसरं खूळ म्हणजे रिकामी पाकिटं. गोळ्या खाल्ल्या म्हणून बायका डोळ्यात डोळे घालून खोटं सांगतात. त्यामुळे पुढच्या खेपेला रिकामी पाकिटं टेबलावर ठेवल्याशिवाय मी बोलायलाच सुरुवात करत नाही. या युक्तीचा मला भलताच गर्व होता. तो उतरवला एका भाकरीवालीनं.

ती सदतीस-अडतीस वर्षांची. माहेर मैंदर्गीचं, नवरा चिंचोळी एमआयडीसीत कामाला, आणि ही शहरात कडक भाकरी करणाऱ्या आठ बायकांच्या गटात. दिवसभर मांडी घालून ज्वारीच्या भाकरी थापायच्या. आली ती थेट हुकूम घेऊनच.

"मॅडम, पिशवी काढून टाका."

"का बरं?"

"लई अंगावर जातंय. चार-चारदा कामावरनं उठावं लागतंय. दोन लेकरं झाली, पिशवीचं काम झालं की. आता कशाला ठिवायची?"

तिच्या दोन्ही बहिणींनी पस्तिशीच्या आतच गर्भपिशवी काढून घेतली होती. हिची मात्र सगळ्या तपासण्यांत ठणठणीत निघाली. रक्त तेवढं सात. माझं डोकंच तापलं.

"चुलीतनं धूर यायला लागला तर तुम्ही चूल फोडता की लाकडं बदलता?" मी इतक्या मोठ्यानं बोलले की बाहेर बसलेल्या बायका गप्प झाल्या. ती मात्र खुदकन हसली. मग आमचा सौदा ठरला. तीन महिने गोळ्या घ्यायच्या, एक अंगावरचं जाणं कमी करायची आणि एक रक्त वाढायची. तरी बरं वाटलं नाही, तर ऑपरेशनची तारीख मी स्वतः देणार.

महिन्यानं ती आली. पाकिटं रिकामी, जाणंही बरंच कमी झालेलं. रक्त सातच. दुसऱ्या महिन्यात पाकिटं पुन्हा रिकामी आणि रक्त सव्वासात. जिना चढताना धाप, भाकरी थापताना डोळ्यांपुढे अंधारी. मी जंताचं औषध दिलं, गोळीच्या आगेमागे चहा घेऊ नका म्हणून बजावलं, आणखी तपासण्या केल्या. सलाइनमधून औषध देते म्हटलं, तर कामावरून सुटी मिळत नाही म्हणाली. जाताना दारात थांबून बोलली, "मॅडम, तुमची मुदत संपत आली बगा."

मला खरोखरच भीती वाटायला लागली. शब्द मीच दिला होता, आणि एक चांगली पिशवी माझ्याच हातानं काढायची वेळ आली होती.

त्याच आठवड्यात दुसरीच एक बाई आली, कंबर धरून. चालू औषधं विचारली तर म्हणाली, "रक्ताच्या गोळ्या हायत की."

"कुणी दिल्या?"

"तुमीच."

"मी? मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघतेय."

"आमच्या भाकरीतली अक्का आणती की तुमच्याकडनं! दुपारी जेवाण झालं की खायाची. आज एक, उद्या दुसरी. माजा लंबर बेस्तरवारी व्हता."

रोज एक गोळी, आठ जणींत. पाकीट अगदी दिवसाच्या दिवशी रिकामं होणार आणि मी ते बघून मान डोलावणार! जाणं थांबायच्या गोळ्या मात्र तिनं एकटीनं खाल्ल्या होत्या, कारण तो त्रास तिचा एकटीचा होता. अशक्तपणा सगळ्यांचाच होता.

मी तिला बोलावून घेतलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. "औषध म्हणजे काय प्रसाद आहे?"

ती शांतपणे म्हणाली, "मग काय, तितं आट जणी बसल्यात आन् मी एकटीनं खाऊ? भाजी आणली तर आट वाटे करतो आमी. त्यांच्या बी डोळ्यापुडं अंधारी येती की."

घरात शेवटी कोण जेवतं, हे मी जगाला विचारत होते. ही दुपारी कुणाबरोबर जेवते, हे काही विचारलं नव्हतं. लाज वाटली मला.

मग भाकरीच्या सुटीच्या दिवशी आठही जणींना बोलावलं. सुई टोचताना एकमेकींची चेष्टा करत त्यांनी दवाखाना डोक्यावर घेतला. रक्त एकीचंही नऊच्या वर नव्हतं. प्रत्येकीला आपापलं पाकीट मिळालं. दुपारी सगळ्यांनी मिळूनच खायचं, पण जिचं तिनं. सौद्याची मुदत मी तीन महिने वाढवून मागितली आणि भाकरीवालीनं ती मोठ्या मनानं दिली.

मुदत संपली तेव्हा तिचं रक्त अकरा झालं होतं. गालांवर तेज आलेलं. "ऱ्हाऊ द्या पिशवी," ती म्हणाली, जशी काही मीच काढायला निघाले होते! मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून ताडकन उठले, आणि गरगरून पुन्हा खाली बसले.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुमच्या हितं शेवटी कोण जेवतं?"

मी तोंड उघडायच्या आत दारातून दवाखान्यातल्या मावशी बोलल्या, "कोण म्हंजे? ह्याच. ते बी चार वाजता, अर्धी पोळी, च्यात बुडवून."

"आन् रक्त कवा बगितलं?"

मला आठवेना. माझ्याच दवाखान्यात, माझ्याच सिस्टरनं माझं बोट टोचलं. साडेआठ.

तिचा हात सवयीनं थैलीतल्या पाकिटाकडे गेला. मग थबकला. तिनं मावशींना हाक मारली, "मॅडमचं पाकीट येगळं आणा. वाटायचं न्हाय, त्यांनीच सांगितलंय."

महिन्यानं ती आली आणि काही बोलायच्या आधी तिनं टेबलावर बोट आपटलं. मी निमूटपणे पाकीट पुढे ठेवलं. दोन गोळ्या शिल्लक होत्या. तिनं मला असं झापलं की बाहेरच्या बायका पुन्हा गप्प झाल्या. मी खाली मान घालून ऐकत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.