पाऊण पोट गेलं, दोन किलो आले

माझ्या पोटाचा पाऊण भाग डॉक्टरांनी कापून काढला आणि त्यानंतर माझं वजन दोन किलोंनी वाढलं.

लगेच नाही वाढलं, खोटं कशाला बोलू! पहिले सहा महिने ते असं भराभर उतरत होतं की माझी शिंपीण ब्लाउज आत घेऊन घेऊन कंटाळली. मी तलासरीच्या शाळेत शिकवते. तिथे मुलांनी काळजीने विचारलं, "बाई, तुम्ही आजारी आहात का?" मी इतकी खूश झाले की अख्खा वर्ग खेळायला सोडला. सातव्या महिन्यात मात्र काटा थांबला, आणि आठव्यात सरळ उलटा फिरला.

आता हे ऑपरेशन मी घरात भांडून करून घेतलं होतं. सासूबाईंचं म्हणणं होतं, "चांगलं पोट काय कापायचं गो? तोंड बंद ठेव, झालं!" (शिक्षिकेला सांगताहेत हे!) पण मी हट्टाला पेटले, कारण माझ्या आईचा पाय साखरेने गेला. शेवटची दोन वर्षं तिला मीच उठवत-बसवत होते. माझ्या रिपोर्टात साखर तिच्याच वाटेने निघालेली दिसली तेव्हा मला रात्ररात्र झोप येईना. त्यात घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "निम्मं काम आम्ही केलं, निम्मं तुमच्या खाण्यावर. पोट पुन्हा ताणलंत तर फार अवघड होईल."

ते निम्मं काम शिकवायला वापीच्या दवाखान्यात एक आहाराच्या बाई होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून फॉर्म भरून घेतला. त्यात 'व्यसन' असा रकाना होता. मी ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग त्यांनी नियम सांगितले. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं. आधी अंडं, मासे, डाळ, मग बाकीचं. घास पंचवीस वेळा चावायचा, जेवताना पाणी नाही, आणि जे जे खाल ते वहीत लिहायचं.

घर कामाला लागलं. आमचे हे तारापूरच्या कारखान्यात सुपरवायझर, त्यामुळे यांनी माझं चावणं ताब्यात घेतलं. समोर बसून मोजायचे. "एकवीस... बावीस... बोलू नकोस! हां, पुन्हा एकपासून." एक अंडं खायला मला पाऊण तास लागायचा. सासूबाईंनी तर देव्हाऱ्यातली नैवेद्याची इवलीशी वाटी मला दिली आणि माझी जुनी वाटी देवाला. खरं म्हणजे आमच्या घरात वजन वाढायला हवं होतं ते देवाचं!

रोज संध्याकाळी मी वही लिहायची. आमच्या डहाणूच्या वाडीतले चिकू उतरवले की ओटीवर त्यांचा ढीग पडतो. सासूबाई आणि मी दोन बाजूंना बसून बाजारात जायचे वेगळे, घरात राहायचे वेगळे करतो. तेवढ्यात माझी वहीही व्हायची. उजव्या हाताने वही, डाव्या हाताने चिकू.

अशा शिस्तीत दोन किलो वाढले, तेव्हा घरात पोलीस चौकीच सुरू झाली.

पहिला संशय काट्यावर. हे स्वतः चढले. काटा बरोबर होता. सासूबाईंना म्हणाले, "आई, तू चढ."

"मी कशाला? मला काय विकायचंय?"

दुसरा संशय माझ्यावर. "खरं सांग," हे म्हणाले, "तलासरी नाक्यावर उतरून वडे खातेस ना?"

मी ढसाढसा रडले. त्या नाक्यावरून मी नाक दाबून जात होते हो! तरी चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर पाहते तर काय, वड्याच्या गाडीजवळ हेल्मेट घातलेला एक माणूस माझ्यावर पाळत ठेवून उभा. ओळखू येऊ नये म्हणून हेल्मेट काढलं नव्हतं. पण काच वर करून दुसरा वडा आत ढकलताना मिशी दिसली.

"अहो!"

"मी... मी चौकशी करत होतो," हे तोंड भरलेलं असताना म्हणाले. (पंचवीस वेळा काही चावलं नव्हतं, मी मोजलं!)

आता एकच शक्यता उरली होती. पोट ताणलं होतं. मी भाकरीचा चतकोर सोडला, मग उसळ सोडली, मग एका अंड्याचं अर्धं केलं. शाळेत फळ्यावर लिहिताना चक्कर यायला लागली. सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांचा खकाणा उठला नाही म्हटल्यावर त्या घाबरल्याच. "कुणाची तरी जबरदस्त लागलीय!" पुढच्या रविवारी काट्यावर चढले, तर आणखी अर्धा किलो. मी काट्यावरच उभी राहून रडले, आणि यांनी रडणं थांबेपर्यंत आकडा धरू नये असं ठरवलं.

सोमवारी रजा टाकून आम्ही तिघं वापीला निघालो. डहाणूचा माणूस रिकाम्या हाताने कुणाकडे जात नाही, म्हणून आहाराच्या बाईंसाठी निवडक चिकूंची पिशवी घेतली. बाहेर बाकावर नंबर यायला तासभर लागला. पिशवी मांडीवर. डोळ्यांसमोर माझी आई आणि तिची ती चाकाची खुर्ची.

आत गेलो. बाईंनी वही शेवटपर्यंत वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग चष्मा काढला.

"बेन, या वहीप्रमाणे तुमचं वजन उतरायलाच पाहिजे. उतरायला काय, तुम्हाला चक्कर यायला पाहिजे."

"येते ना!" हे म्हणाले, जणू माझ्या बाजूने साक्ष देत होते.

"मग आपल्याला पोटात नळी घालून बघावं लागेल. डॉक्टरांशी बोलते. काही वेळा दुसरं ऑपरेशन..."

पुढचं मला ऐकूच आलं नाही. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. हे पंख्याकडे बघत बसले. आणि मग बाई माझ्या मांडीकडे बघायला लागल्या.

"बेन, हे काय करताय?"

मी खाली पाहिलं. मांडीवरच्या रुमालात काळ्या चकचकीत बियांचा ढीग होता. डाव्या हातात अर्धा सोललेला चिकू.

"काही नाही," मी म्हणाले. "चिकू."

"किती खाल्ले?"

"आता तीन. बाहेर बाकावरचे धरले तर... सात."

"वहीत कुठे लिहिलेत?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रश्नच कळला नाही. शेवटी सासूबाईंनी आमच्या सगळ्यांच्या वतीने विचारलं, "चिकू काय खाण्यात धरायचा?"

त्यांचंही बरोबर होतं हो! ताटात वाढतात ते खाणं. चिकू ढिगातून उचलायचा, नखाने सोलायचा, गप्पा मारता मारता तोंडात टाकायचा. पक्ष्याने चोच मारलेला, वाकडा, फार पिकलेला बाजारात जात नाही. तो नासायला नको म्हणून कुणीतरी सोय करायची. आमच्या वाडीत जन्मात कुणी चिकू मोजून खाल्लेला नाही. घरातली साखर मी बंद केली होती, पण चिकूत कुणी साखर घातली होती का?

"रोज किती होत असतील?" बाईंनी मलूल आवाजात विचारलं.

"संध्याकाळी निवडताना आठ-दहा," हे म्हणाले.

"आणि सकाळी डब्यात चार मी घालते," सासूबाई म्हणाल्या. "एवढासा डबा बघवत नाही बाई मला! ही म्हणते नको, पण डबा रिकामा आणते."

"आणि दुपारी शाळेतून आली की चिकूचं दूध," हे जरा खाली बघत म्हणाले. "अशक्तपणा नको म्हणून. ते वहीत आहे हां!"

"वहीत नुसतं 'दूध' आहे."

"दूध वाढतो ना पेल्यात," मी समजावलं. "म्हणून दूध लिहिलं."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग शांतपणे सांगितलं, की मऊ, गोड फळ लहान पोटात थांबतच नाही, घसरून पुढे जातं. भूक तशीच राहते आणि साखर मात्र सगळी अंगात. "पोटाला बहुतेक काही झालेलं नाही. अंडं टाकून तुम्ही चिकूवर जगताय!"

मी रडायला लागले, पण या वेळी आनंदाने. पोट शाबूत होतं! गाढव मी निघाले होते, पोट नव्हे. एवढ्या आनंदाने स्वतःला गाढव म्हणवून घ्यायची ही माझी पहिलीच वेळ.

नवीन बेत बाईंनी आमच्याच घरातून काढला. चिंचणीची मावशी दारावर मासे आणते, त्यातले दोन बोंबील कमी तेलात. अंडं पूर्ण. उसळ, दही, आणि नाचणीच्या भाकरीचा चतकोर परत. "हे जन्मभर जमेल ना?" जमणारच की, एरवीही घरात हेच शिजत होतं! आणि सासूबाईंकडे बघून त्या म्हणाल्या, "रोज अर्धा चिकू. पण ताटात वाढून."

सासूबाईंनी ते इतकं मनावर घेतलं, की अर्धा चिकू आता पाहुण्यासारखा ताटात येतो, आणि त्याचे घास हे मोजतात. उरलेला अर्धा सासूबाई ओटीवर खातात. तो अर्थातच खाण्यात धरत नाहीत.

तीन महिन्यांत अडीच किलो गेले, वर आणखी चार. साखरही खाली आली. रिपोर्ट हातात घेतला तेव्हा आईची फार आठवण झाली.

परवा वापीला गेले तेव्हा पुन्हा तोच फॉर्म भरायचा होता. 'व्यसन' या रकान्यापाशी मी थांबले आणि प्रामाणिकपणे लिहिलं, 'चिकू'. पुढे 'आता पूर्ण सुटलं आहे' असंही लिहिणार होते. पण उजवा हात लिहीत असताना डावा बाईंसाठी नेलेल्या पिशवीत गेला होता, म्हणून तेवढं राहू दिलं.