सुमनआत्याचा पहिला घोट

गेल्या रविवारी दुपारी, मटणाचा रस्सा ताटांत पडला तेव्हाच, माझ्या सुमनआत्यावर अन्याय झाला. काकांनी आमच्याच मळ्यातल्या द्राक्षांच्या वाइनची बाटली उघडली, आम्हा पुरुषांचे ग्लास भरले आणि आत्यापुढे, न विचारता, कोकम सरबत ठेवलं. मळा सांभाळते आत्या. द्राक्षाचा मणी चावून, आतली बी तपकिरी झाली की नाही बघून, तोडणी कधी करायची ते तीच सांगते. पण तिनं ही वाइन कधी चाखलेली नव्हती.

मी माझा ग्लास तिच्याकडे सरकवला. तिनं घोट तोंडात घोळवला.

"दादा, तोडणीला आठ दिवस थांब म्हणत होते ना मी? बी हिरवी होती, तुरटपणा राहिलाय."

"आता तू मला शिकवणार?"

"मग कोण? तू मळ्यात येतोस फोटो काढायला!"

काकांनी पुन्हा घोट घेतला, या वेळी तोंडात घोळवून.

'तिला नाही आवडत' हे घरातल्या बाईबद्दल घरोघरी आपण पुरुषच ठरवून टाकतो. चव तर नाकारतोच, वर 'नको' म्हणायचा तिचा हक्कही खातो. मीही इतकी वर्षं खाल्लाय.

तुमच्या घरी बाटली उघडाल तेव्हा आधी तिला विचारा. ती उत्तर देईपर्यंत स्वतःच्या ग्लासाला हात लावू नका.