फटफटीच्या पोटातलं पितळ

"काकू, जेवलात का?" अनिलनं फोनवर दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी अलिबागला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे चार दिवस राहायला गेले होते आणि अनिल, म्हणजे माझ्या दिराचा मुलगा, पनवेलहून बोलत होता. आमच्या घराची ही जुनी रीत. वाईट बातमी उपाशी माणसाला सांगायची नाही. आधी दोन घास पोटात जाऊ द्यायचे, मग बोलायचं. "जेवले रे. सांग आता," मी म्हटलं. तो म्हणाला, "बाबा गेले." सकाळी अंघोळ करून, पेपर उघडून बसले आणि बसल्या जागीच गेले. ना कुणाला हाक, ना कुणाला त्रास. त्यांच्या स्वभावाला धरूनच झालं म्हणायचं. पण मला खरं सांगायचं तर आधी रागच आला. माझ्यापेक्षा लहान माणूस मला न सांगता पुढे निघून जातो म्हणजे काय!

या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. भाऊजी गावात 'मधूभाऊ' म्हणून माहीत होते, पण मी त्यांना जन्मभर भाऊजीच म्हटलं आणि ते मला वहिनी. चेष्टेच्या लहरीत असले की 'हेडमास्तरीण बाई'. मी हेडमास्तरीण कधीच झाले नाही, पण त्यांनी मला ती बढती फार आधी देऊन टाकली होती. उंच, किडकिडीत, चहात इतकी साखर घालणारे की कपाच्या तळाशी पाक उरायचा. त्यावरून मी त्यांना किती बोलले असेन! आता स्वयंपाकघरात डब्यातली साखर कमीच होत नाही आणि ते माझ्या डोळ्यांना खुपतं.

मी लग्न होऊन पनवेलला आले, तेव्हा महायुद्ध संपून थोडी वर्षं झाली होती. माझे यजमान रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर होते. पेणपर्यंतचा रस्ता त्यांच्याकडे होता आणि त्यासाठी त्यांनी लष्करानं मोडीत काढलेली एक फटफटी घेतली होती. शेजारी एक माणूस बसेल अशी डोलणारी साईडकार होती तिला. मिलिटरीचा हिरवा रंग जागोजागी उडालेला, आणि आवाज असा की ह्यांची फटफटी कोपऱ्यावर आली की मी इकडे भाकरी तव्यावर टाकायची. ह्यांना एक खोड होती. हातात येईल ती वस्तू ते शक्तीनिशी आवळायचे. लोणच्याच्या बरणीचं झाकण, वळकटीची दोरी, विहिरीच्या पोहऱ्याची गाठ... त्यांनी बंद केलेलं उघडायला दुसरं कोणी धजत नसे. त्यालाही कारण घडलं होतं. एकदा कर्नाळ्याच्या खिंडीत इंजिनाखालचा, तेल काढायचा बोल्ट ढिला होऊन पडला आणि सगळं तेल रस्त्यावर सांडलं. फटफटी तिथंच टाकून ते भर उन्हात चालत घरी आले. तेव्हापासून प्रत्येक तेलबदलीला तो बोल्ट ते पान्यावर पाय देऊन आवळायचे. भाऊजी म्हणायचे, "दादा, तो बोल्ट आहे, दरोडेखोर नाही." हे हसायचे आणि आणखी एक आटा पिळायचे.

लग्नाला तीन वर्षं होत नाहीत तोच ह्यांना विषमज्वर झाला आणि त्यात ते गेले. त्याबद्दल मी आजही फार लिहू शकत नाही. घरात सासूबाई, भाऊजी आणि मी उरलो. मूलबाळ नाही. तिघंही एकमेकांशी कामापुरतं बोलायचो. माझे थोरले बंधू नाना वाईहून येऊन गेले, आणि वर्षश्राद्ध झालं की हिला माहेरी घेऊन जातो, असं सासूबाईंना सांगून गेले. सासूबाईंनी मान हलवली. भाऊजी अंगणाकडे बघत राहिले. मी आत पोहे भिजवत होते. मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. तेव्हा ते बोलायचंच नसतं, अशी माझी समजूत होती. पण मला जायचं नव्हतं. वाईला माझा जन्म झाला होता, एवढंच. माझा जो काही संसार झाला तो पनवेलच्या या दोन खोल्यांत झाला होता. माहेरी जाऊन मी भावजयीच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आयुष्य काढणार, हे मला लख्ख दिसत होतं आणि रात्र रात्र झोप येत नव्हती.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसं फटफटीचंही ठरलं. पेणचे एक कंत्राटदार ती घ्यायला तयार होते. वर्षभर परसात ताडपत्रीखाली उभी होती. ते बघायला येणार म्हणून एका रविवारी भाऊजींनी जुनं तेल बदलायला घेतलं. लाकडी ठोकळ्यांवर फटफटी उचलली, खाली मी दिलेली जुनी परात ठेवली आणि ते उताणे आत शिरले. बराच वेळ नुसता कण्हण्याचा आवाज येत होता. मग एकदम करकर झाली आणि काळं तेल भसकन आलं. ते बाहेर आले तर हातात तो बोल्ट, आणि बोल्टाला चकचकीत तारेसारखं काहीतरी गुंडाळलेलं. मी विचारलं, हे काय? ती तार नव्हती. इंजिनाच्या ॲल्युमिनियममधले आटेच्या आटे सोलून बोल्टाबरोबर बाहेर आले होते. म्हणजे आता तिथं बोल्ट बसणार नव्हता आणि तेल राहणार नव्हतं.

भाऊजी पायरीवर बसले. तो बोल्ट तळहातावर घेऊन बघत राहिले आणि मग ढसाढसा रडायला लागले. भाऊ गेला तेव्हा या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. लोकांनी नावं ठेवली होती तेव्हा. "वहिनी, हा दादानं आवळलेला होता," एवढंच म्हणाले. आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात ह्यांनी तेल बदललं होतं, ते मला आठवलं. मग मीही तिथंच, तेलाच्या परातीशेजारी बसले... आणि आम्ही दोघांनी वर्षभराचं रडून घेतलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आत गेल्या.

भाऊजी तेव्हा बैलगाडीची चाकं बनवण्याच्या कारखान्यात होते. पनवेलची चाकं त्या वेळी लांबलांबून लोक न्यायला यायचे. दुसऱ्या दिवशी ते बोल्ट खिशात घालून कामाला गेले. तिथं बाळाराम नावाचा लेथवाला होता, उरणकडचा. त्यानं बोल्ट उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, ह्यो बोल्ट आवळलाय का पुरलाय? आता नाय बसायचा." भाऊजींनी हे घरी येऊन त्याच्याच आवाजात सांगितलं आणि किती दिवसांनी आमच्या घरात कुणीतरी हसलं. मग ते गंभीर झाले. चाकाच्या मधल्या तुंब्याचं भोक झिजलं तर चाक कोणी फेकत नाही, म्हणाले. भोक कोरून मोठं करतात आणि आत लोखंडी नळी बसवतात. तसंच इथं करता येईल. भोक मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे आणि आतून-बाहेरून आटे असलेली पितळेची एक छोटी नळी त्यात पिळून बसवायची. मग बोल्ट त्या नळीत. बाळारामही हो म्हणाला होता. फक्त चांगलं भरीव पितळ हवं होतं आणि कारखान्यात होतं ते सगळं लोखंड.

"पण त्या कंत्राटदारांसाठी एवढा खटाटोप?" मी विचारलं.

"गाडी द्यायची तर नीट करून द्यायला हवी ना."

काय झालं मला कुणास ठाऊक. मी परात राखेनं घासत होते, हात काळे झाले होते आणि मान वर न करताच मी म्हणून गेले, "देऊ नका गाडी. आणि मलाही देऊ नका."

भाऊजींना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते अगदी हळू म्हणाले, "वहिनी, आम्हाला वाटत होतं तुम्हालाच इथं नको झालंय. आई म्हणते, पोरीचं वय काय, तिला इथं काय धरून ठेवायचं... म्हणून आम्ही कोणी बोललो नाही." मी म्हटलं, "मला जायचं नाही. माझी सातवीची फायनल परीक्षा झालेली आहे. मी शाळेत नोकरी करीन, पण या घरात राहीन." माझ्याच आवाजाची मला भीती वाटली. आतल्या खोलीत सासूबाईंची जपमाळ चालू होती, ती थांबल्याचं मला जाणवलं.

सकाळी मी परसात गेले तर पायरीवर, बोल्टाच्या शेजारी, सासूबाईंच्या खलबत्त्याचा पितळी बत्ता ठेवलेला होता. तो खलबत्ता त्यांच्या रुखवतातला. वेलदोडे कुटायलासुद्धा मला त्या हात लावू देत नसत. मी बत्ता घेऊन आत गेले, तर त्या चुलीतून नजर न काढता म्हणाल्या, "पितळ लागतंय ना मधूला? मग? मला मेलीला कुटायचं काय राहिलंय आता. दे नेऊन." मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर मला ढकलूनच दिलं त्यांनी. "चल, दूध उतू जाईल."

त्या बत्त्याच्या टोकाचा तुकडा कापून बाळारामनं लेथवर नळी काढली. पुढच्या रविवारी भाऊजींनी परसात ती बसवली. भोक हातानं कोरताना पडलेला ॲल्युमिनियमचा कीस आत राहू नये म्हणून आम्ही रॉकेलनं इंजिनाचं पोट दोनदा धुतलं. नळीला बाहेरून, फटी बुजवायला, सफेदा लावला आणि ती इतक्या सावकाश पिळली की मलाच घाई झाली. मी म्हटलं, जोर लावा की. ते म्हणाले, "जोर लावणारे गेले, वहिनी. आता आपल्याला बेतानं घ्यायचंय." सफेदा वाळेपर्यंत फटफटीला हात लावायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता. कंत्राटदारांना निरोप गेला की गाडी द्यायची नाही.

नाना ठरल्याप्रमाणे आले. माझी ट्रंक कुठाय, असं त्यांनी विचारलं. भाऊजी नानांसमोर कधी मान वर करून बोलत नसत. कान लालबुंद झाले होते त्यांचे. पण म्हणाले, "नाना, राग मानू नका. पण वहिनींना तुम्ही एकदा विचारा. आम्हीही विचारलं नव्हतं. चूक आमचीही आहे." नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. नाना दुखावले, जेवले नाहीत, पण जाताना सासूबाईंना म्हणाले, "मग सांभाळा तिला." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "ती आम्हाला सांभाळतेय."

मला कर्नाळ्याच्या वाटेवरच्या एका गावात शाळा मिळाली. एसटीची वेळ जुळत नव्हती. दिराच्या मागे विधवा भावजय फटफटीवर बसली असती तर पनवेलला महिनाभर पुरेल एवढा विषय झाला असता. त्यावर सासूबाईंनीच तोड काढली. रोज सकाळी त्या नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून, छत्री मांडीवर आडवी धरून साईडकारमध्ये बसायच्या. भाऊजी पुढे, मी मागे. "लोकांना बघू दे ना, मी बसलेय," म्हणायच्या. शाळेशी मला उतरवायचं आणि मायलेक परत फिरायचे. एसटीची वेळ बदलेपर्यंत सबंध पहिलं वर्ष असंच गेलं. म्हातारी पुढे पुढे इतकी रमली की सुटीच्या दिवशीही तयार होऊन बसायची.

मग भाऊजींचं लग्न झालं, सुमन आली, मुलं झाली. मुलांचा अभ्यास माझ्याकडे, हट्ट सुमनकडे आणि फटफटी भाऊजींकडे, अशी वाटणी होती. साईडकार गंजून गेली. रस्त्यावर ते धूड काढायचं भाऊजींनी म्हातारपणी बंद केलं, पण परसात सुरू मात्र करायचे.

परवा अनिलनं तिचं तेल बदललं. मी खुर्ची टाकून बाजूला बसले होते. त्यानं खालची घाण फडक्यानं पुसली आणि आतूनच ओरडला, "काकू, इथं बोल्टाभोवती पितळेचं कडं आहे! हे मूळचं नाही वाटत. बाबा कधी बोलले नाहीत."

बाबा कधी बोलले नाहीत... पन्नास वर्षं ज्या घरात मी या मुलांची काकू म्हणून मिरवले, त्या घरातून मी एकदा जाणार होते, हे त्यांनी मुलांच्या कानावर कधी येऊच दिलं नव्हतं. चेष्टेतही नाही, भांडणातही नाही. मुलांच्या लेखी काकू या घरात भिंतींसारखी पहिल्यापासून होती. एवढं मोठं काहीतरी माझ्यासाठी केलं आणि मलासुद्धा कधी त्याची आठवण करून दिली नाही. मी त्यांचे आभार मानले नाहीत. मानायला गेले असते तर 'काय वहिनी' म्हणून उठून गेले असते.

अनिल अजून खालीच होता. मी डोळे पुसले आणि त्याला म्हटलं, "बोल्ट लाव, हात धू आणि इथं येऊन बस. ते तुझ्या आजीच्या बत्त्याचं आहे. तुझ्या बाबांनी मला या घरात कसं ठेवलं, ते तुला सांगते."