चार वावांचा गोल

देशात बायकांचा फुटबॉल संघ आहे ही बातमी आमच्या बोईसरमध्ये एकाच बाईला ठाऊक होती, आणि ती बाई ही बातमी रोज सकाळी शिट्टी फुंकून सगळ्या चाळीला कळवत असे. ती माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. तिचं नाव रेशनकार्डावर होतं, पण हाक मारायला ते कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. कारखान्यांतले उत्तरेकडचे कामगार तिला कोच मॅडम म्हणत, दातिवऱ्याच्या कोळणी कोचबाय म्हणत, आणि कोल्हापूरकडून तिच्याबरोबर इथे तारेच्या कारखान्यात नोकरीला आलेला तिचा नवरा तिला ‘अहो’ म्हणे. नवऱ्याने बायकोला ‘अहो’ म्हणायचं, असं आमच्या चाळीत ते एकच घर. मी तेव्हा बावीस वर्षांची. बायकांच्या एका छोट्या संघटनेची पत्रकं लिहायचं आणि कारखान्यांच्या फाटकांवर वाटायचं काम करत होते, त्यामुळे मला या ‘अहो’चं भारी कौतुक. त्यावर चार ओळी लिहून मी तिला दाखवल्या. ती म्हणाली, “आगं, त्येच्यात समता कसली? शिट्टी वाजली की माणूस दचकतोय, म्हणून अहो म्हणतोय.”

शिट्टी मंगळसूत्राच्या शेजारी, काळ्या गोफात. दूधवाल्याने मापात हात आखडता घेतला की शिट्टी. भाजीच्या रांगेत कुणी मध्येच घुसलं की शिट्टी, आणि वर हाताने मागे जायची खूण. तिच्या ब्लाउजच्या आत साबणाचं एक पिवळं वेष्टन घडी करून ठेवलेलं असे, फुटबॉलच्या पंचाच्या पिवळ्या कार्डासारखं. ते फक्त गंभीर गुन्ह्याला निघे. ती गोळ्या भरायच्या कारखान्यात पॅकिंगला होती. शिफ्टच्या बसचा एक ड्रायव्हर बायकांचा घोळका दिसला की बस न थांबवता पुढे न्यायचा. एके दिवशी ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, बस थांबवली, शांतपणे वेष्टन काढून त्याच्यासमोर धरलं आणि बाजूला झाली. दुसऱ्या दिवसापासून बस थांबू लागली. मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “पीले कागज का मतलब तो मालूम नहीं, दीदी. पर मैडम का मुँह देखके समझ गया कि दूसरा कागज भी होगा.” या बसबद्दल मी दोन पत्रकं काढली होती, हे इथे प्रामाणिकपणे नमूद करते. त्यांचा काही उपयोग झाला नव्हता.

तिच्या बाजाराच्या खाकी पिशवीवर पांढऱ्या कापडाचा ११ आकडा शिवलेला होता. पिशव्या बदलत, आकडा तोच. सत्तरच्या दशकात, लग्नाआधी, ती देशाच्या संघातून एकदा परदेशी खेळून आली होती. डाव्या बाजूने पळायची. प्रवासाला निघाल्या तेव्हा एका मुलीचे बूट दुसरीने घालायचे अशी गत. जर्सीवर आकडे जिचे तिने रात्री बसून शिवायचे. आणि परत आल्यावर जर्सी धुऊन जमा करायची. देशाने दिलेली जर्सी देशाने परत मागितली, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. मी विचारलं, मग तुम्ही दिलीत? ती म्हणाली, “दिली की. कापड त्येंचं. आकडा उसवून घेतला, सुई-दोरा माझा हुता.” आणि त्या आकड्याच्या मागे कांदे-बटाटे घेऊन ती निघून गेली. देशाची एक खेळाडू रोज बोईसरच्या बाजारात वांग्याचा भाव करते आहे, हे भाजीवाल्याला माहीत नव्हतं. याला जबाबदार कोण, हा प्रश्न मी त्या काळी प्रत्येक पत्रकाच्या शेवटी विचारत असे. तिला त्यात रस नव्हता. तिला रस होता पुढच्या अकरा जणींत. “बायकांचा संघ हाय म्हटल्यावर बायका कुठनं तरी आणाय लागतील का न्हाई? का त्या पण रेशनवर मिळत्यात?”

ती मुली शोधायची तीही तिच्याच रीतीने. कुणी पळताना दिसली तर तिकडे ढुंकून बघायची नाही. पळणं शिकवता येतं म्हणे. ती बघायची हात, मान आणि पडल्यावर उठायला लागणारा वेळ. एकदा एसटी स्टँडवर आम्ही उभ्या असताना बसच्या टपावरून हमाल सुक्या मासळीच्या टोपल्या खाली सोडत होता, आणि खाली परकर खोचलेली एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी त्या झेलत होती. एकही टोपली जमिनीला लागली नाही. एक वाकडी आली, ती तिने आडवं होऊन छातीशी धरली आणि आतला एक बोंबील सांडू न देता उठली. कोचबायने माझ्या दंडाला चिमटा काढला, अजून आठवतो. ती मुलगी मंजी, दातिवऱ्याची. टोपल्यांची मालकीण तिची आई हिराबाय. पाच फुटांच्या आतली ठेंगणी बाई, पण सगळं स्टँड तिला वाट देत असे. मुलीने फुटबॉल खेळायचा, हे ऐकून ती जराही दचकली नाही. तिने अट घातली: मासळी वाळत घालून झाल्याशिवाय पोरगी हलणार नाही, आणि दोन पावसाळे झाले की तिचं लगीन. तोवर काय करायचं ते करा.

बोईसरच्या मैदानांवर क्रिकेटचा कब्जा होता आणि अर्ध्या चड्डीतल्या मुली बघून मैदानवाल्यांची संस्कृती बुडत होती, म्हणून सराव दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. सफाळ्यापर्यंत गाडी, पुढे एसटी. ओहोटी लागली की ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट होते, पण ओहोटी काही शुक्रवार बघून लागत नाही. मग कोचबायने हिराबायकडून तिथीवरून पाण्याची वेळ काढायला शिकून घेतलं आणि तिच्या भिंतीवर शिफ्टच्या तक्त्याशेजारी पंचांग आलं. एकादशीला ती उपास करते अशी चाळीची समजूत झाली. ती फक्त पाणी कधी उतरतं ते बघत होती. मुली जमल्या नऊ. दोन गावातल्या शाळेच्या, बाकी मासळीच्या. आणि गोलाचं माप घ्यायचं होतं ते त्या पहिल्या शुक्रवारी. टेप नवऱ्याच्या कारखान्यात कुलपात. गावातले पुरुष होड्या घेऊन गेलेले. गोल चोवीस फुटांचा असतो हे कोचबायला पाठ. आणि कोळ्यांकडे दोर मोजतात वावाने, म्हणजे दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंत, तो सहा फुटांचा, हे तिला होडी हाकणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलाने सांगितलेलं. चार वाव म्हणजे चोवीस. तिने हिराबायला मोजायला सांगितलं. हिराबायने हात पसरून चार वाव मोजले, बोंबील वाळवायचे दोन बांबू रोवले, आणि सगळ्यांनी चहा घेतला.

पुढची दोन वर्षं कोचबाय एकाच गोष्टीवर चिडत राहिली. पुढच्या फळीतल्या मुलींचे फटके बांबूच्या बाहेर जात. “आगं, भरली बैलगाडी जाईल एवढी जागा सोडलीया, आणि तुला चेंडू जाईना?” असं ती दर शुक्रवारी म्हणे. आणि मंजी मात्र काही म्हणता काही आत जाऊ देत नसे. कोचबाय स्वतः आयुष्यात कधी गोलात उभी राहिलेली नव्हती. ती लांब डावीकडे पळणारी. ती मंजीकडे अशी बघायची की जणू सोन्याचा दागिना पारखतेय. अशी पोरगी आपल्या संघात असती तर आपण जर्सी परत केली नसती, असं तिने मला एकदा सांगितलं, आणि मी ते लगेच लिहून घेतलं.

मुंबईला देशाच्या शिबिरासाठी निवड होती तेव्हा आम्ही चौघी गेलो: मंजी, कोचबाय, मी, आणि हिराबाय, टोपलीसकट, कारण एवढ्या लांब रिकाम्या हाताने जाणं तिला पटेना. मुलींना बूट कुणी दिले नाहीत. बसायला सावली नव्हती. पाण्याचा नळ मुलांच्या खोलीत, आणि खोलीला कुलूप. मी सगळं टिपत होते. मंजीने चार गोल खाल्ले. तीन वेळा तिने नेमकी उडी घेतली, नेमक्या वेळी, आणि चेंडू तिच्या बोटांच्या पुढून गेला. चौथ्यांदा तर तिने मुळी उडीच टाकली नाही. चेंडू बाहेर चाललाय म्हणून ती बघत उभी राहिली, आणि तो आत गेला. कोचबायचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. निवड करणाऱ्या बाईंनी वहीत काही लिहिलं आणि पान उलटलं.

सगळे पांगल्यावर हिराबाय टोपली खाली ठेवून गोलापाशी गेली. “कोचबाय, यो गोल मोठा हाय,” ती म्हणाली. कोचबाय म्हणाली, आता गोलाला नावं ठेवून काय उपयोग. हिराबायने ऐकलं नाही. एका खांबाला बोट टेकवून तिने हात पसरले आणि मोजत गेली. चार झाले, आणि पलीकडचा खांब अजून जवळजवळ एका वावावर होता. ती तिथेच हात पसरून उभी राहिली. कोचबाय तिच्याकडे बघत राहिली, मग स्वतः हात पसरून बघितले, मग खाली बसली. सहा फुटांचा वाव सहा फुटी तांडेलाचा. हिराबायचा तिच्याएवढा. पोरगी दोन वर्षं एका बाईएवढ्या कमी गोलात उभी राहिली होती.

त्याच आठवड्यात मी पत्रक तयार केलं. ‘कोळ्याच्या लेकीला कुणी डावललं?’ असा मथळा. बूट, सावली, नळ, कुलूप, सगळं खरं होतं. कोचबायने ते चुलीपाशी बसून दोनदा वाचलं आणि गोल कुठं हाय ह्यात, असं विचारलं. मी म्हटलं, ते लिहिलं तर बाकीच्याला धार राहणार नाही. ती म्हणाली, “बूट न्हाई दिले, लिही. पण पोरगी चुकली ती माझ्यापायी, त्ये पण लिही. अर्धं खरं छापलंस तर लोक बाकीचं अर्धं खोटं ठरवत्यात.” मी पत्रकाचं स्टेन्सिल फाडलं आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिने ते मनावर घेतलं नाही. तिला दातिवऱ्याला जायचं होतं. पावसाळे दोन संपले होते आणि मंजीसाठी एडवणचं स्थळ बघून झालं होतं.

मी रुसव्यातच बरोबर गेले. हिराबाय मासळी उलटत होती. कोचबायने शिट्टी गळ्यातून काढून हातात घेतली होती. ती तशी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ती म्हणाली, “हिराबाय, माझ्या चुकीचं एक वरीस द्या.” हिराबायने हातातले बोंबील दोरीवर टाकले, नीट पसरले, आणि मग म्हणाली, “वाव माजा, न् चूक तुजी कशी?” मग तिने घरातून एक दोर आणला, स्वतःच्या हातांनी चार वाव मोजून गाठ मारली आणि कोचबायच्या हातात दिला. “यो दाखव त्या बायला. एक वरीस मी पावन्यांना सांगतंव.”

तो दोर घेऊन कोचबाय रजा टाकून मुंबईला गेली. निवडवाल्या बाईंपुढे तो जमिनीवर पसरला आणि काय झालं ते सांगितलं. बाई आधी हसल्या, मग टेप मागवून दोर मोजला, मग हसायच्या थांबल्या. एवढ्या कमी गोलात ती मुलगी दोन वर्षं उडी मारून सगळं अडवत होती, म्हणजे चुकला तो रुंदीचा अंदाज, वेळ तिची बरोबरच आहे, असं त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी आणा. बूटही घेऊन या, आमच्याकडे नाहीत. तेवढं वाक्य कोचबायने मला मुद्दाम, तुझ्या कामाचं म्हणून, सांगितलं.

पुढच्या वर्षी मंजी निवडली गेली. शिबिरात तिसरी गोलरक्षक होती, सामन्यात उतरली नाही. महिन्याने परतली तेव्हा सफाळ्याच्या फलाटावर आम्ही तिघी. जर्सी परत घेतलीच होती; मंजीने पदराच्या गाठीतून उसवलेला आकडा काढून दाखवला. कोचबायने तो नीट बघितलाही नाही. तिने एवढंच विचारलं, तिथला गोल केवढा हुता. मंजी म्हणाली, “आयचे पाच वाव. दोन बोटं कमी.” कोचबायने तोंड फिरवून शिट्टी फुंकली. गाडी तोवर गेली होती, तरी एक हमाल थांबला.

तारेचा कारखाना बंद पडला तेव्हा ती दोघं कोल्हापूरला गेली. सकाळची शिट्टी बंद झाली, आणि चाळीतल्या बायकांची पहिल्या आठवड्यात शिफ्ट चुकली. मंजी लग्न होऊन एडवणला गेली, पण मासळीच्या दिवसांत माहेरी येते. हिराबायच्या टोपलीवरच्या फडक्यावर तिचा आकडा शिवलेला आहे. परवा मी दातिवऱ्याला गेले होते. किनाऱ्यावर आता चार बांबू आहेत, दोन आतले, दोन बाहेरचे. लहान मुली आतल्या गोलात उभ्या राहतात, मोठ्या झाल्या की बाहेरच्यात. मंजी कडेवर पोर घेऊन त्यांच्यावर ओरडत होती. कोल्हापूरहून कोचबायचं पत्र आलं का, असं तिने मला विचारलं. नाही म्हटलं. तिने मान हलवली. मग शिट्टी नव्हती म्हणून दोन बोटं तोंडात घातली, आणि मुली पळत आल्या.