काकांची कोरियन मालिका

"गप रवा रे, आता ती रडनार!" असं म्हणून काका हात वर करायचे आणि आखातातल्या रिग्गईतली आम्हा कामगारांची सगळी खोली खरोखरच गप्प व्हायची.

शुक्रवारची दुपार, जेवणं उरकलेली आणि टीव्हीवर कोरियन मालिका. खाली अरबी अक्षरं. काकांना दोन्ही भाषा येत नव्हत्या. ते संगमेश्वरकडचे, लादी बसवणारे. उमेदीची वर्षं सगळी गुडघ्यांवर सरकण्यात गेलेली.

मालिकेत मोठं शहर होतं आणि एकेकटी माणसं. कारखाना बंद पडलेला एकजण रोज डबा घेऊन निघायचा आणि बागेत बसून परत यायचा. त्याच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक बाई राहायची, ती उभ्यानेच जेवायची. तुम्ही असता तर कंटाळला असता, कारण कोणी फारसं बोलायचंच नाही. मग काकाच त्यांच्या वतीने बोलायचे. जिन्यात दोघं समोरासमोर आली की काका बारीक आवाजात म्हणायचे, "भावजी, जेवलाव काय?" लगेच घोगऱ्या आवाजात, "जेवतो गो, घाई नाय." आम्ही हसून लोळायचो.

मी दापोलीचा. अरबी अक्षरं मदरशात शिकलो, अर्थ इथल्या किराणा दुकानात नोकरी करता करता. एकदा काकांनी विचारलं, "तुला वाचता येतंय ना? खरं काय बोलतो रे तो?"

"'माझ्याशी बोलू नका,' म्हणतोय. 'सवय लागेल.'"

"बरोबर बोलला," काका एवढंच म्हणाले. त्या दुपारी त्यांनी पुढचे आवाज काढले नाहीत.

गावी त्यांची बायको तापाने गेली तेव्हा त्यांचा पासपोर्ट कंपनीत अडकलेला होता आणि साहेब सुट्टीवर. निरोप आल्याच्या दुसऱ्या दिवशी काका रुमैथिया भागातल्या एका बंगल्यावर कामाला निघाले. मी म्हटलं, "काका, आज तरी नका जाऊ."

"मग हितं बसून कुनाकडं बघू?"

पासपोर्ट हातात आला तोवर सगळे विधी उरकले होते. ते गेलेच नाहीत. मुलगा मामाकडे वाढला. फोनवर तो "हां", "बरं" आणि "ठेवू?" एवढंच बोलायचा. वर्षं अशीच गेली.

शेवटी गुडघेच गेले, तेव्हा कंपनीने व्हिसा रद्द केला. मी विमानतळावर सोडायला गेलो. काकांनी नवा शर्ट घातला होता. आत जाताना त्यांनी माझी बाही धरली.

"पोरगा न्यायला येनार हाय. त्याच्याशी पयलं काय बोलू रे?"

मागून पोलीस घाई करत ओरडला, "यल्ला, यल्ला!" काका लंगडत आत गेले.

नंतर मी पुष्कळदा फोन केला. सकाळी केला, दुपारी केला. दर वेळी मुलगाच उचलायचा. "बाबा झोपलेत," म्हणायचा. मागे काका खोकत असायचे आणि मला मालिकेतला तो आठवायचा, 'सवय लागेल' म्हणणारा.